एम. एस्सी. झालेला अर्धा कोयता

सोनपेठ,
घट बसल्यानंतरचा मंगळवार

आदरणीय, वंदनीय आणि सहा दिवसांपासून फोन न उचलणाऱ्या साक्षीताईस,

तुझी धाकटी मावसबहीण प्रियदर्शनी हिचा चपला काढून, हात धुऊन नमस्कार. आमी सगळे इकडं खुशाल आहोत आणि तुमी सगळे तिकडं जिंतुरात खुशाल असाल असं धरून चालते. आदिनाथभाऊजींची पाठ कशी आहे? (भाऊजी, भरलेलं सिलिंडर मोटारसायकलवर मांडीत घेऊन आणलं की पाठ बोलणारच, त्यात पाठीची काही चूक नाही.) तिसरीच्या पोरांवर ओरडून ओरडून तुझा घसा बसलाय असं मावशी सांगत होती. ज्येष्ठमध चघळ आणि पोरांना हातवारे करून शिकव. कस्तुराकाकूंना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, माझा वेगळा आणि जरा जास्त वाकून नमस्कार.

जास्त वाकून का, ते तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात मी पाठवलेला व्हॉइस मेसेज तू भाकरी थापता थापता स्पीकरवर लावलास, आणि त्यात मी काकूंच्या आमटीबद्दल जे मत मांडलं होतं ते सगळ्या घरानं, शेजारणीनं आणि दूधवाल्यानं ऐकलं. (काकू, मनावर घेऊ नका. आमटी चांगलीच होती, माझी जीभ कच्ची आहे.) म्हणून हे पत्र. तुमच्या घरी पत्रसुद्धा सगळे मिळून वाचतील ही मला खात्री आहे, त्यामुळं तुला जे माहीत आहे तेही मी मधून मधून खुलासा करून लिहिते, म्हणजे कुणाला अडखळायला नको. मराठीत इतकं लांब मी दहावीच्या पेपरानंतर पहिल्यांदाच लिहायलेय. आमच्या शाळेत मराठीच्या तासालासुद्धा बाई आधी 'ओपन युवर बुक्स' म्हणायच्या, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तू तुझं तुझं बघून घे.

तर एम. एस्सी. झाल्यापासून मी पीएच.डी.साठी जागा शोधायलेय हे तुला ठाऊक आहे. प्रवेश परीक्षा पास झाले तेव्हा मला वाटलं, झालं, आता नावाच्या आधी डॉक्टर लावायला पाटीवाल्याकडं जायचं तेवढं राहिलं. मग कळलं की ही परीक्षा म्हणजे बसस्टँडवर उभं राहायची परवानगी. गाडी म्हणजे गाईड. आणि गाईडकडं जागा ठरलेल्या असतात, त्या सगळ्या भरलेल्या असतात, आणि आत बसलेले लोक वर्षानुवर्षं उतरत नसतात. मी दिसेल त्या प्राध्यापकाला ईमेल केले. एका सरांना लिहिलं की तुमच्या बेडकांवरच्या संशोधनानं मी भारावून गेलेय. सर मासे करत होते. पण माणूस भला, त्यांचं उत्तर आलं की बेडूकवाले शेजारच्या केबिनमध्ये बसतात, पण तेही भरलेले आहेत. एका सरांनी जागा दिली नाही, पण रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर सुविचार पाठवतात. एक सर म्हणले, दिवाळीनंतर बघू. कोणत्या दिवाळीनंतर ते मी विचारलं तर त्यांना राग आला. मधी एका कॉलेजात तासाप्रमाणे शिकवायची जागा निघाली होती (कॉलेजचं नाव लिहीत नाही, तुमच्याकडं दूधवाला वाचेल), तिथं इंटरव्ह्यूला गेले तर ज्याला घ्यायचं ठरलं होतं तोच आमा सगळ्यांना चहा देत फिरत होता आणि 'बसा ताई, लगेच उरकतंय' म्हणत होता. चहा मात्र चांगला होता. मी दोनदा घेतला.

अशात विद्यापीठातल्या गिराम मॅडमच्या प्रोजेक्टची जाहिरात आली. डॉ. मनिषा गिराम. विषय काय, तर उसाच्या फडातले कोळी! ताई, मी जाहिरात वाचून घरातल्या घरात उडी मारली. फडात कोणकोणते कोळी राहतात, कोणती कीड खातात, फवारलं की त्यांचं काय होतं, हे सगळं बघायचं. आधी वर्षभर, मग वाढवून दोन वर्षं पगार, आणि काम बघून मॅडम त्यावरच पीएच.डी.ला घेणार. आईला मी हे अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, मग झाडू हातात दिला आणि म्हणली, आधी माळ्यावरचे मोज, अन् मोजून झाले की खाली काढ, घट बसायचेत.

इंटरव्ह्यूला जायचं ठरलं आणि मुंजाजीमामा म्हणला, मी येतो. (घरातल्यांसाठी: मुंजाजी हा आमचा दोघींचा सख्खा मामा. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. दसरा झाला की टोळी घेऊन कारखान्यावर जातो. टोळीत त्याच्या नावानं बोटं मोडणारेही आहेत आणि त्यांचं अगदीच चुकत असेल असं मी म्हणणार नाही, पण भाच्यांसाठी जीव टाकतो.) मी म्हणलं, मामा, ही नोकरीची मुलाखत आहे, तिथं कुणी मामा घेऊन जात नाही. मामा म्हणला, "म्हणूनच लोकं फसतेत. काम ठरवताना आपला माणूस मधी पायजे. आपण सवता बोललं की आपलीच किंमत आपल्याला कमी वाटती." मग खांद्यावर धुतलेली दस्ती टाकून तो माझ्या आधी बसमध्ये जाऊन बसला, खिडकीच्या बाजूला.

विभागात पोचलो तर बाहेर बाकावर उमेदवार. मी फाईल लावायलेय तोवर मामानं एकेकाचे तळहात बघायला सुरुवात केली. एका पोराला म्हणला, तू न्हाई टिकायचा. तो बिचारा नेट पास होता, पाणी प्यायला जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही. मी मामाला म्हणलं, तू गप एका जागी बस, आणि बाथरूमला गेले. इथं माझं चुकलं. कारण त्या दिवशी पॅनेलवर साखर कारखान्याकडून कुणीतरी उसातले जाणकार यायचे होते आणि त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली होती. शिपायानं बघितलं: पांढरे कपडे, खांद्यावर दस्ती, मिशी, आणि पोरांना प्रश्न विचारायलेत. त्यानं विचारलं, ऊसवाले तुमीच का? मामा म्हणला, हाव, मीच.

ताई, माझं नाव पुकारलं. मी 'मे आय कम इन' म्हणून आत गेले. टेबलाच्या पलीकडं मधी गिराम मॅडम, उजवीकडं एक जाडजूड सर, आणि डावीकडं मुंजाजीमामा. पुढं चहा, बिस्किटाची प्लेट, पेन आणि मार्कांचा कागद. माझ्या तोंडातून 'गुड मॉर्निंग मामा' निघालं.

मॅडमनं मामाकडं बघितलं. जाडजूड सरांनी बिस्कीट खाली ठेवलं. मामा जागचा हलला नाही. म्हणला, "खुर्ची दिली, बसलो. कुणी 'बसा' म्हणलं की बसू नये का?" मला वाटलं, संपलं. कोळी, पीएच.डी., सगळं त्या बशीत बुडालं. पण मॅडम हसायला लागल्या, आणि अशा हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणल्या, बसलाच आहात तर तुमच्या भाचीला विचारा एखादा प्रश्न. मामानं मला काहीच विचारलं नाही. त्यानं मॅडमलाच विचारलं, काम नेमकं कसं असतं. मॅडमनं सांगितलं की एकानं उलटी छत्री उसाच्या पाल्याखाली धरायची, दुसऱ्यानं पाला झटकायचा आणि छत्रीत पडलेले कोळी पळायच्या आत नळीनं ओढून बाटलीत घ्यायचे. मामानं बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणला, "मग ही तर अर्धाच कोयता झाली की, बाई."

(भाऊजींसाठी, ते बँकेतले आहेत: टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधून गाडीपर्यंत वाहायची. एकटा आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम घेताना दहादा विचार करतो, कारण एकटा माणूस फडात कंटाळून पळून जातो.)

मॅडमचं हसू थांबलं. त्या म्हणल्या, हे मात्र खरं आहे. याआधी एकेकट्याला पाठवलं, तर कुणी पंधरा दिवसात सोडलं, कुणी फडाच्या बाहेरूनच कोळी आणून दिले. एकानं तर स्वतःच्या घरातले आणले. जागा दोन आहेत, पण फडात जायला तयार असा एकही धड उमेदवार सकाळपासून आला नाही. जाडजूड सर म्हणले, एक आला होता, पण तो पाणी प्यायला गेला. (मी मामाकडं बघितलं नाही.) शेवटी मॅडमनं ठरवून टाकलं: येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपर्यंत प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेला, फडात टिकणारा आणखी एक जण घेऊन ये. दोघं मिळून आलात तर दोघांनाही घेते, एकटीला घेऊन मला परत जाहिरात काढायची नाही. मी तोंड उघडायच्या आत मामा उठून उभा राहिला आणि म्हणला, "सोमवारी पूर्ण कोयता दारात हुबा करतो. मुकादमाची जबान हाय." मॅडमनं त्याच्याशी हात मिळवला. माझ्याशी नाही.

आता मामाचं डोकं कसं चालतं ते ऐक. टोळीत अर्धा कोयता असला तर तो पूर्ण कसा करतात? दसऱ्याच्या आधी लग्न लावून. मला वाटलं, मामा माझ्यासाठी जोडीदार म्हणजे सहकारी शोधायलाय. मामाच्या डोक्यात ही दोन कामं वेगळी नव्हतीच. शनिवारी त्याचा चुडाव्याहून फोन आला: "सापडला. एम. एस्सी. हाय, तुझ्याच विषयातला, सोभावानं गरीब. उद्या घेऊन येतो, नीट बोल." मी आनंदानं आईला सांगितलं. आई माझ्याकडं बघतच राहिली, मग डोळ्याला पदर लावला आणि पोह्याला कांदा चिरायला बसली. कांद्यानं आलं असेल असं मला वाटलं.

रविवारी आले. शिवशंकर म्हणून मुलगा, इस्त्रीचा शर्ट, आणि बरोबर त्याची आत्या चांगुणाबाई, पिशवीत नारळ आणि पेढे. मला वाटलं, चुडाव्याकडचे लोक लय सभ्य, कामाच्या बोलण्यालाही नारळ आणतात. मी वही घेऊन समोर बसले. आई दारातून खुणा करत होती, वही ठेव म्हणून. मी सुरुवात केली. म्हणलं, बघा, सरळ बोलते, मागून कटकट नको. दिवसभर आपण दोघंच फडात असणार. आत दुपारी पण अंधार असतो. तुमाला चालेल का? शिवशंकरनं आत्याकडं बघितलं. आत्यानं मामाकडं बघितलं. मामा पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. मी म्हणलं, घाबरू नका, नुसतं वर्षभराचं आहे. पटलं तर पुढं वाढवतात.

"वर्षभराचं?" चांगुणाबाई म्हणल्या.

मी म्हणलं, हो ना, आधीच्या सगळ्यांनी तर पंधरा दिवसात सोडलं.

"आधीच्या? माय माय माय! किती झाले आधी?"

मी खरं तेच सांगितलं की नक्की आकडा मॅडमकडं आहे, पण तीन-चार तरी असतील, आणि एक तर फडापर्यंत आलाच नाही. चांगुणाबाईंनी नारळाची पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मुंजाजीभाऊ, हे कसलं स्थळ म्हणावं? पोरगी निब्बर हाय का येडी हाय?" स्थळ हा शब्द ऐकल्यावर ताई, माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण मला वाटलं, स्थळ म्हणजे फील्ड साईट. मी म्हणलं, स्थळ इथून जवळच आहे, पाथरीच्या रस्त्याला, दाखवू का? आणि प्रात्यक्षिक द्यावं म्हणून शिवशंकरला परसात नेलं, उलटी छत्री त्याच्या हातात दिली आणि कडुनिंबाची फांदी जोरात हलवली.

पडले ते काय सुंदर पडले! एक तर हिरवागार, काचेच्या पायांचा. मी नळी तोंडात धरून त्याच्या मागं लागले, तो छत्रीच्या दांड्यावरून उतरून शिवशंकरच्या बाहीत गेला. पुढचं मला नीट दिसलं नाही. छत्री एकीकडं, शर्टाची बटणं दुसरीकडं, आणि शिवशंकर बाजेवर उभा. चांगुणाबाई ओरडायल्या, पोरीनं लेकराचे कपडे काढले! आई पोह्याची प्लेट घेऊन तशीच उभी. तेव्हा मामानं शांतपणे सांगितलं की दोन्ही कामं एकाच नारळात होत होती, तुमालाच सबूर न्हाई. आणि तेव्हा मला कळलं की मी माझ्या स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमात नवऱ्यामुलाचा इंटरव्ह्यू घेतला. (आणि त्याला नापास केलं.)

शिवशंकर मात्र खरंच भला निघाला. बाजेवरून उतरून शर्ट झटकत म्हणला, मी प्राणिशास्त्र घेतलं कारण बाकी कुठं जागा नव्हती. मला पालीचीसुद्धा भीती वाटते. मी मेडिकल टाकलंय, तिथं मी खूश आहे. जाताना हळूच म्हणला, तुमी नळी तोंडात धरून पळत होतात तेव्हा तुमच्या तोंडावर काय आनंद होता हो, हे काम सोडू नका. चांगुणाबाईंनी नारळ परत नेला. पेढे विसरल्या.

आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, एवढा लाजणारा जावई पुन्हा मिळायचा नाही. माझं म्हणणं, सोमवार जवळ आला. ही जागा गेली तर पुढची जाहिरात कधी, ते त्या गुलाबवाल्या सरांना माहीत. आणि आईची भीड आता चेपलीय, एकदा पोह्याला कांदा चिरला की प्रत्येक नव्या स्थळाला चिरेल. तर ताई, तिकडं जिंतुरात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेलं, उसात शिरायला न घाबरणारं कुणी ओळखीचं असेल तर कळव, एवढीच विनंती. घरातल्या थोरांना नमस्कार, दूधवाल्याला राम राम.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. – ओळखीचं कुणी म्हणजे तूच, तू पण प्राणिशास्त्राची एम. एस्सी.च आहेस की. उगी इकडंतिकडं बघू नको. तुझी फाईल मी मावशीकडून लॅमिनेशन करून देते म्हणून आणली आणि परस्पर मॅडमना नेऊन दाखवली. लॅमिनेशन पण करते. मागच्या दिवाळीला तुझ्या गच्चीवर कोळी जाळं विणायला लागला होता आणि तू झारा हातात धरून बघत उभी राहिलीस, खाली तेलात करंज्या काळ्या झाल्या. मी बघितलंय. तिसरीच्या पोरांना 'एस फॉर स्पायडर' शिकवून तुझं भागत असेल असं मला वाटत नाही.

ता. क. दुसरा – हे पत्र घेऊन मुंजाजीमामाच आलाय. तू वाचत असताना तो समोरच्या खुर्चीत बसलेला असणार. तू 'हो' म्हणल्याशिवाय उठायचं नाही, असं त्याला सांगून पाठवलंय. चहा बिनसाखरेचा दे. (काकू, या वेळी त्यानं नारळ आणलेला नाही, पिशवी तपासून पाठवलीय. आणि फडाचे दिवस थोडे आहेत, बाकी दिवस विभागातच बसायचं. जिंतूरची बस संध्याकाळी वेळेत पोचते. आमटीला ताई घरी असेल.) भाऊजींना मी फोन केला होता. ते म्हणले, तिलाच विचारा. म्हणजे त्यांची हरकत नाही, फक्त काकूंसमोर आपणहून बोलायला घाबरतात.

ता. क. तिसरा – आता जे लिहिते ते फक्त तू वाच. बाकीच्यांनी इथं थांबावं, देवाशपथ. मी वर लिहिलं की दोघं मिळून गेलो तर मॅडम दोघांना घेतील. ते शुक्रवारचं, इंटरव्ह्यूच्या दिवशीचं होतं. काल तुझी फाईल बघितली आणि मॅडम उभ्याच राहिल्या. तुझा तो एम. एस्सी.चा कोळ्यांवरचा प्रबंध त्यांनी तेव्हाच वाचला होता म्हणे, ही मुलगी गेली कुठं म्हणून विचारत होत्या. म्हणल्या, हिला लगेच पाठव, सोमवारची वाट कशाला बघायची. मी म्हणलं, मॅडम, आणि मी? तर म्हणल्या, ती म्हणली तर तू पण ये. म्हणजे तू एकटी गेलीस तरी पूर्ण कोयता आहेस, मी एकटी राहिले तर पाव पण नाही. तेव्हा ताई, तू जाच. माझ्यासाठी जाऊ नको, तुझ्यासाठीच जा. फक्त मॅडमनं विचारलं की बरोबर कोण पाहिजे, तर जरा विचार केल्यासारखं कर आणि मग माझं नाव सांग.